पाणी ४६ फूट, तरी ओळ पांढरीच! पूरपातळीच्या तक्त्यासाठी बूटस्ट्रॅपची मदत हवी आहे

गावभागकर (धागाकर्ता)
९ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी.

मी सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. त्या आठवड्यात सगळ्या गल्लीच्या तोंडी एकच प्रश्न होता, "पाणी किती झालं?" आकडे यायचे व्हॉट्सअ‍ॅपवर. कुणीतरी कागदाचा काढलेला फोटो, दहा ग्रुपांतून फिरून आलेला. अक्षरं फुटलेली, वरची तारीख कापलेली. कालचा फोटो आजचा म्हणून यायचा आणि लोक त्यावरून सामान वर चढवायचं की नाही ते ठरवायचे. आईला चष्मा लावूनही ते वाचता यायचं नाही.

यंदा नदीला पाणी यायच्या आत गल्लीसाठी एक साधं पान तयार करतोय. रोज जाहीर होणारे आकडे आम्ही दोघंतिघं एका शीटमध्ये भरणार आणि पानावर एकच तक्ता असणार. वरून खाली नदीच्या वाटेनं ठिकाणं: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली. स्तंभ सहा: ठिकाण, पातळी, इशारा पातळी, धोका पातळी, मागच्या नोंदीपेक्षा चढ की उतार, नोंदीची वेळ. आयर्विनला इशारा ४० फूट आणि धोका ४५ फूट, हे तर आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

बूटस्ट्रॅप ५.३ वापरतोय, म्हणजे वेबपानासाठीचं तयार सीएसएस (रंगरूपाचे नियम). तक्त्याला टेबल, टेबल-स्ट्राइप्ड आणि टेबल-बॉर्डर्ड असे त्यातले तीन क्लास (तयार रूपांची नावं) दिलेत. अडचणी दोन.

पहिली: चाचणी म्हणून आयर्विनला ४६ फूट टाकले आणि त्या टीआरला (तक्त्यातल्या ओळीला) सीएसएसमध्ये लाल बॅकग्राउंड दिलं. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये नियम लागलेला दिसतो, पण ओळ पांढरीच राहते. दुसरी: मोबाइलवर तक्ता उजवीकडं बाहेर जातो आणि त्याच्यासोबत अख्खं पान सरकतं.

माझं रोजचं काम हिशेबाचं, एचटीएमएल गेल्या वर्षभरात शिकलो. त्यामुळं जरा फोड करून सांगा.


हरिपूरकर
९ जून, रात्री ११:०२

काम फार मोलाचं आहे, आधी ते सांगतो. आमचं घर संगमाकडच्या बाजूला, त्यामुळं कृष्णा फुगली की आम्हाला वारणेकडंही बघावं लागतं.

रंगाचं कारण टीआरवर सापडणार नाही, टीडीमध्ये (ओळीतल्या खान्यात) शोधा. टीआरचं बॅकग्राउंड मागं असतं आणि त्याच्यावर प्रत्येक टीडी स्वतःचं बॅकग्राउंड रंगवतो. बूटस्ट्रॅप ५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत टीडीचं बॅकग्राउंड पारदर्शक होतं, म्हणून मागचा रंग दिसायचा. ५.३ मध्ये डार्क मोड आला आणि तेव्हापासून टीडीला पानाचाच रंग मिळतो, म्हणजे तुमच्याकडं पांढरा. तुमचा लाल रंग आहे, पण पांढऱ्या चादरीखाली झाकलेला आहे.

उपाय सोपा. टीआरला थेट बॅकग्राउंड देऊ नका, टेबल-डेंजर हा क्लास द्या. इशाऱ्यासाठी टेबल-वॉर्निंग. हे क्लास त्या ओळीपुरते सीएसएस व्हेरिएबल बदलतात आणि टीडी आपला रंग त्या व्हेरिएबलमधून घेतात, म्हणून रंग दिसतो. स्वतःची वेगळी छटा हवी असेल तर टीआरवर बीएस-टेबल-बीजी या व्हेरिएबलची किंमत बदला. मागं "इम्पॉर्टंट" लावून जबरदस्ती करू नका, पुढं तेच गळ्यात येतं.

मोबाइलसाठी तक्त्याभोवती एक डिव्ह (साधा डबा) घाला आणि त्या डिव्हला टेबल-रिस्पॉन्सिव्ह क्लास द्या. मग तक्ता त्या डिव्हच्या आत सरकेल आणि पान जागेवर राहील. ७६८ पिक्सेलच्या खालीच सरकवायचं असेल तर टेबल-रिस्पॉन्सिव्ह-एमडी आहे, पण तुम्हाला साधाच पुरेल.


हळकुंड
१० जून, सकाळी ८:२०

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मी हळदीच्या सौद्यांचे तक्ते करतो. राजापुरी, कणी, गड्डा, आवक किती, किमान-कमाल-सरासरी दर असे. त्या अनुभवावरून एक सांगतो: तुमच्या तक्त्यातून टेबल-स्ट्राइप्ड काढून टाका.

पट्टे आमच्यासारख्या लांब तक्त्यात कामाचे. चाळीस ओळी असतात, नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरते, तिथं पट्टा बोटासारखा धरून ठेवतो. तुमच्या सहा ओळींना त्याची गरज नाही. उलट तोटा आहे. पट्ट्याचा हलका काळसर थर टेबल-डेंजरच्या रंगावरही चढतो. विषम क्रमांकाची लाल ओळ थोडी गडद आणि सम क्रमांकाची थोडी फिकट दिसते. मग कुणीतरी विचारणारच, "ताकारी जास्त लाल आहे, तिथं जास्त धोका आहे काय?" तुमच्या तक्त्यात रंगाला अर्थ आहे, तेव्हा शोभेचा रंग त्यात मिसळू नये.

टेबल-बॉर्डर्डही नको. नुसत्या आडव्या रेघा, त्या टेबल क्लासमध्येच येतात. आकड्यांच्या स्तंभांना टेक्स्ट-एंड लावा, आकडे उजवीकडं एकाखाली एक आले की चढ-उतार लगेच डोळ्यात भरतो. आणि जागा वाचवायला टेबल-एसएम लावायचा मोह होईल, तो टाळा. त्यात टीडीचं पॅडिंग (खान्यातली मोकळी जागा) अर्ध्यावर येतं. इंग्रजी अक्षरांना चालून जातं, पण देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळी एकमेकींना चिकटल्यागत होतात.


गावभागकर
१० जून, रात्री ९:३०

हरिपूरकर, हळकुंड, मनापासून आभार. डिव्ह घातला, पान सरकायचं थांबलं. पट्टे काढले, खरंच स्वच्छ दिसतंय. एचटीएमएलमध्ये हातानं टेबल-डेंजर लिहिलं तर ओळ लाल होते.

पण क्लास स्क्रिप्टनं लावायला गेलो की ओळ परत पांढरी! पातळी धोका पातळीएवढी किंवा जास्त असेल तर टेबल-डेंजर, नाहीतर इशाऱ्याएवढी किंवा जास्त असेल तर टेबल-वॉर्निंग, एवढंच लिहिलंय. शीटमध्ये पातळी "४६ फूट २ इंच" अशी भरलेली आहे आणि धोका "४५". आकडा काढायला जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट वापरलंय. कन्सोलमध्ये एकही चूक दिसत नाही.


प्रीतिसंगम
१० जून, रात्री १०:१०

कराडहून लिहितोय. कोयना आणि कृष्णा आमच्या इथं एक होऊन तुमच्याकडं येतात, त्यामुळं या तक्त्यात मलाही रस आहे.

जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडे म्हणून कळत नाहीत. पार्सफ्लोटला "४६ फूट २ इंच" दिलं की उत्तर येतं नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही". आणि नॅनची कशाशीही लहानमोठी तुलना केली की उत्तर नेहमी "खोटं". ४५ पेक्षा जास्त आहे काय? खोटं. ४० पेक्षा? खोटं. म्हणून तुमची स्क्रिप्ट दोन्ही अटी शांतपणे ओलांडते आणि ओळ पांढरी सोडते. चूक दिसत नाही कारण भाषेच्या लेखी काही चुकलेलंच नाही. पुराच्या तक्त्यात ही गोष्ट फार घातक आहे. वाचायला जमलं नाही आणि पाणी सुरक्षित आहे, या दोन गोष्टी पानावर अगदी सारख्या दिसतायत.

आता फूट-इंचाचं. शीटमध्ये एकाच खान्यात "४६ फूट २ इंच" लिहू नका, फूट एका स्तंभात आणि इंच दुसऱ्या स्तंभात भरा, दोन्ही इंग्रजी अंकांत. स्क्रिप्टमध्ये सगळ्याचे इंच करा. ४० फूट म्हणजे ४८० इंच, ४५ फूट म्हणजे ५४०. तुमची पातळी ५५४. तुलना फक्त इंचांत. पानावर दाखवताना मात्र देवनागरी अंक हवेतच, त्यासाठी टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठीचा लोकेल कोड द्या, अंक आपोआप देवनागरी होतात आणि मोठ्या विसर्गाच्या आकड्यात लाख-हजाराचे स्वल्पविरामही आपल्या पद्धतीनं पडतात.

दशांश चिन्ह फूट-इंचासाठी कधीही वापरू नका. घाईत लोक ४० फूट ६ इंच हे ४०.६ लिहितात. खरं तर ते ४०.५ फूट. आणि ४० फूट ११ इंच कुणी ४०.११ लिहिलं तर संगणकाच्या हिशेबी ते ४०.६ पेक्षा कमी. पाणी पाच इंच चढलेलं असताना तुमचा तक्ता "उतार" दाखवेल.

अजून एक. ४० आणि ४५ हे आयर्विनचे आकडे आहेत. प्रत्येक पुलाची इशारा आणि धोका पातळी वेगळी असते, ती त्या त्या ओळीतून घ्या. स्क्रिप्टमध्ये ४५ एकदा लिहून सगळ्या ओळींना तोच लावलेला मी एका ठिकाणी पाहिलाय.


तंतुवाद्य_मिरज
११ जून, दुपारी १:४५

माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. तो संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक या वाचक प्रणाली (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी) वापरून सगळं ऐकतो. पुराच्या वेळी तो घरात एकटा असला तर हा तक्ता त्याला कसा ऐकू येईल, ते सांगते.

तुमचा सगळा इशारा रंगात आहे आणि त्याच्यासाठी रंग अस्तित्वातच नाही. टेबल-डेंजर लावलं म्हणून वाचक प्रणाली "धोका" असा शब्द उच्चारत नाही. म्हणून एक स्तंभ वाढवा, "स्थिती", आणि त्यात शब्द लिहा: सामान्य, इशारा, धोका. वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, १.४.१ मध्ये, हेच सांगितलंय की माहिती फक्त रंगातून देऊ नये. लाल-हिरवा ओळखू न येणारे पुरुष कमी नसतात आणि उन्हात फोन धरला की फिकट गुलाबी आणि फिकट पिवळा धडधाकट डोळ्यांनाही एकच दिसतो.

पुलाचं नाव टीडीत ठेवू नका, टीएचमध्ये (शीर्षकाच्या खान्यात) ठेवा आणि त्याला स्कोप रो द्या, म्हणजे ते त्या ओळीचं शीर्षक ठरतं. वरच्या शीर्षकांना स्कोप कॉल, म्हणजे ती स्तंभांची. मग भाऊ तक्त्यात खाली सरकला की "भिलवडी" ऐकू येतं आणि बाजूला सरकला की "धोका पातळी" ऐकू येतं. नाहीतर त्याच्या कानावर नुसते आकडे पडतात, कुणाचे ते कळत नाही. पानाच्या एचटीएमएल टॅगला भाषा मराठी लिहा, म्हणजे आवाज मराठी उच्चार घेतो.

आणि तक्त्याला कॅप्शन द्या. बूटस्ट्रॅप ते खाली दाखवतं, कॅप्शन-टॉप क्लास दिला की वर येतं. त्यात तारीख आणि वेळ. तुम्हीच लिहिलंय ना, फोटोवरची तारीख कापलेली असायची.


गावभागकर
११ जून, रात्री १०:५०

ताई, हे मला सुचलंच नव्हतं. आजच "स्थिती" स्तंभ घातला. इंचांत तुलना केली आणि आयर्विनची ओळ पहिल्यांदा आपसूक लाल झाली. आईला दाखवली. ती म्हणाली, "लाल कळलं, पण 'धोका' लिहिलंस ते बरं केलंस."

आता स्तंभ सात झाले. फोनवर उजवीकडं सरकवलं की पुलाचं नाव डावीकडं निघून जातं आणि आकडा कुणाचा तेच कळत नाही. एका मित्रानं सुचवलंय की फोनवर प्रत्येक ओळीचं कार्ड करायचं, टीआर आणि टीडीला डिस्प्ले ब्लॉक देऊन. करू काय?


हरिपूरकर
११ जून, रात्री ११:३०

माझं मत, करू नका. डिस्प्ले ब्लॉक दिलं की तो तक्ता राहत नाही, काही ब्राउझरांत वाचक प्रणालीलाही मग तो तक्ता म्हणून दिसत नाही आणि ताईंनी सांगितलेलं सगळं वाया जातं. शिवाय पुराच्या वेळी माणूस तुलना करतो. "ताकारीला उतरलंय, भिलवडीला अजून चढतंय, म्हणजे आपल्याकडं अजून येणार." ही तुलना आकडे एकाखाली एक असले तरच होते. कार्डांत प्रत्येक पूल सुटा पडतो.

त्याऐवजी पहिला स्तंभ जागेवर धरा. ओळीच्या टीएचला पोझिशन स्टिकी आणि लेफ्ट शून्य. ५.३ मध्ये टीएचला स्वतःचं बॅकग्राउंड असतंच, त्यामुळं मागून सरकणारे आकडे नावावर उमटत नाहीत. ज्या गोष्टीनं पहिल्या दिवशी तुमचा लाल रंग झाकला होता, तीच इथं उपयोगी पडते. वरचं शीर्षकही धरायला जाल तर ते या डिव्हमध्ये पानाबरोबर चिकटणार नाही, कारण स्टिकी जवळच्या स्क्रोल होणाऱ्या डब्याला धरून चालतं. सहा ओळींत त्याची गरजही नाही.

आणि स्तंभांचा क्रम बदला. ठिकाण, पातळी, स्थिती, चढ-उतार, वेळ आणि मग इशारा, धोका. पहिले तीन न सरकवता दिसले पाहिजेत.


बेदाणा_तासगाव
१२ जून, सकाळी ७:१०

नेटवर्कचा विचार केलाय का? पुरात वीज जाते, टॉवर बॅटरीवर चालतात, एकेक पान उघडायला मिनिट लागतं. बूटस्ट्रॅपची पूर्ण सीएसएस फाइल सव्वादोनशे केबीच्या आसपास आहे, कॉम्प्रेस करून पाठवली तर साधारण तीस केबी. तुम्हाला त्यातली तक्त्याची आणि थोडी युटिलिटीची फाइलच लागते. सासमधून (बूटस्ट्रॅप ज्या मूळ फाइलींतून बनतं त्यातून) तेवढेच भाग घ्या, किंवा पर्जसीएसएस चालवून न वापरलेले क्लास काढून टाका. बूटस्ट्रॅपची जावास्क्रिप्ट फाइल तर जोडूच नका, तक्त्याला तिची गरज नाही.


गावभागकर
१४ जून, रात्री ११:४०

पर्जसीएसएस चालवलं, फाइल एकदम छोटी झाली. पान सर्व्हरवर चढवलं. आज परत चाचणीला आयर्विन ४६ फूट केलं. घरच्या संगणकावर ओळ लाल, सर्व्हरवर पांढरी! "धोका" हा शब्द मात्र दोन्हीकडं येतोय. आज शब्द नसता तर मला कळलंही नसतं की काही बिघडलंय.


प्रीतिसंगम
१५ जून, सकाळी ६:३०

स्क्रिप्टमध्ये क्लासचं नाव तुकडे जोडून बनवताय काय? म्हणजे "टेबल-" आणि पुढं स्थितीचं नाव?

तसं असेल तर कारण तेच. पर्जसीएसएस तुमच्या फाइलींत क्लासची पूर्ण नावं शोधतं. टेबल-डेंजर हा पूर्ण शब्द त्याला कुठंच सापडला नाही, कारण तो पान चालू झाल्यावर जुळतो. आणि नेहमीच्या दिवसांत तक्त्यात लाल ओळ नसतेच. म्हणून त्यानं तो बिनकामाचा समजून काढून टाकला. पूर येईपर्यंत पान अगदी व्यवस्थित चाललं असतं आणि ज्या रात्री लाल रंग लागणार होता, त्याच रात्री तो नसता.

स्क्रिप्टमध्ये टेबल-डेंजर, टेबल-वॉर्निंग ही नावं पूर्ण लिहा आणि वर पर्जसीएसएसच्या सेफलिस्टमध्येही (काढू नयेत अशा नावांच्या यादीत) टाका. दोन्ही करा. आणि चाचणी नेहमी सर्व्हरवरच्या पानावर घ्या, प्रत्येक स्थितीची एकेक खोटी ओळ चाचणीच्या वेगळ्या पानावर कायम ठेवून.


हळकुंड
१५ जून, सकाळी ९:०५

याच्या जोडीला, नोंद आलीच नाही तर काय दाखवणार? आमच्याकडं एखाद्या दिवशी सौदे झाले नाहीत तर खाना रिकामा सोडत नाही, "सौदे नाहीत" असं लिहितो, नाहीतर शेतकरी फोन करकरून विचारतो. तुमच्याकडं तर रात्री तीनला भिलवडीचा आकडा न येणं अगदी शक्य आहे. ती ओळ पांढरी राहिली तर लोक समजणार, भिलवडी ठीक आहे.


तंतुवाद्य_मिरज
१५ जून, दुपारी २:१५

हळकुंड यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चौथी स्थिती करा, "नोंद नाही". टेबल-सेकंडरीचा राखाडी रंग, आणि खाली शेवटचा आलेला आकडा व त्याची वेळ. खान्यात नुसती आडवी रेघ टाकू नका, वाचक प्रणाली ती बहुतेकदा गाळते आणि भावाला खाना रिकामाच ऐकू येतो.


गावभागकर
१७ जून, रात्री ९:२०

सगळं केलं. क्रमानं सांगतो, पुढं कुणाला असाच तक्ता करायचा असेल तर हाताशी राहील.

स्क्रिप्ट आता उलटी लिहिली. आधी प्रत्येक ओळ "नोंद नाही" धरते. आकडा वाचता आला, वेळ सहा तासांच्या आतली निघाली, तरच ती सामान्य, इशारा किंवा धोका होते. आकडा वाचता आला नाही तर ओळ राखाडीच राहते. पांढरी ओळ म्हणजे आता खरोखर तपासून पांढरी. शीटमध्ये मुद्दाम "४६ फूट" देवनागरीत भरून बघितलं, राखाडी आली.

क्लासची नावं पूर्ण लिहिली, सेफलिस्टही दिली. चाचणीचं पान वेगळं ठेवलं, त्यात चारही स्थितींच्या ओळी कायम आहेत.

कर्नाळ रोडच्या बाजूला दत्तनगरात माझी आत्या राहते, तिकडं पाणी आमच्या आधी येतं. काल तिच्या जुन्या फोनवर पान उघडून दिलं आणि काहीच न सांगता बसून राहिलो. तिनं आयर्विनची ओळ शोधली, "३ वाजताची नोंद आहे" म्हणाली, मग बोटानं सरकवून ताकारी-भिलवडीचा चढ-उतार बघितला. तिच्या फोनवर डार्क मोड होता. काळ्या पानावर पिवळी ओळ तशीच उजळ आली, कारण टेबल-वॉर्निंग वगैरे रंग ५.३ मध्ये डार्क मोडनुसार बदलत नाहीत. आतली अक्षरं काळी राहतात, वाचता येतं, तसंच ठेवलं.

चौकातल्या मंडळाच्या फळ्यावर रोज सकाळी छापील प्रत लावायची ठरलीय. छापताना ब्राउझर बॅकग्राउंडचे रंग गाळतो. प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्ट एक्झॅक्ट दिल्यावर ते आले, पण झेरॉक्स काळी-पांढरीच निघणार, तिथं "धोका" हा शब्दच उपयोगी पडेल. छापील प्रतीत तो ठळक आणि मोठा केलाय.

एकच राहिलंय. मिरजेचा कृष्णाघाट घ्यावा असं दोघांनी सांगितलं. ताई, तिथली इशारा आणि धोका पातळी लेखी मिळाली तरच ओळ घालीन, ऐकीव आकडा नको.


तंतुवाद्य_मिरज
१७ जून, रात्री १०:०५

उद्या सकाळी ऑफिसात जाऊन लेखी घेऊन येते. भावाला आज चाचणीचं पान ऐकवलं. तो म्हणाला "नोंद नाही" ऐकू आलं, पण शेवटची वेळ त्या खान्यात आकड्याच्या आधी येऊ द्या. तेवढं बदलाल का?


गावभागकर
१७ जून, रात्री १०:३२

बदललं. परत एकदा ऐकवून बघा.